सुपडीचं उत्तर

"ऊठ गं, इकडे ये," वर्गाच्या दारातून विशाखा म्हणाली, आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी उठायच्या ऐवजी बाकाखाली आणखीच सरकली. सगळा वर्ग हसला. तिसरीच्या गुरुजींनी पट्टीने टेबल वाजवलं आणि ते म्हणाले, "बघा मॅडम, हे असं आहे. भिंतीशी बोला नाहीतर हिच्याशी बोला, एकच. घेऊन जा. तुमच्या त्या पेटीतून काही निघालं तर आम्हालाही कळवा."

विशाखा बैसाणे अजून कुणाचीच मॅडम झालेली नव्हती. जळगावला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मानसशास्त्र विषय घेऊन, आणि त्यातही शाळेतल्या मुलांचं मानसशास्त्र. शाळेत मानसशास्त्रज्ञ नावाचं माणूस असू शकतं हे त्या वेळी, म्हणजे एक्क्याण्णव सालच्या हिवाळ्यात, आमच्या धुळे-जळगावातल्या शाळांना ठाऊकसुद्धा नव्हतं. विद्यापीठ पुण्यापासून नुकतंच वेगळं झालेलं, विभाग नवा, विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रात्यक्षिकासाठी शाळा मिळता मिळेना. शेवटी विभागाच्या परचुरे मॅडमनी धुळ्यातले एक ओळखीचे मुख्याध्यापक गाठले आणि ते चटकन हो म्हणाले. त्यांचा होकार काही शास्त्राच्या प्रेमापोटी नव्हता. शाळेत जागा कमी, मागणी जास्त. पुढे जाऊन निकाल खाली ओढतील अशी पोरं आत्ताच निवडून त्यांच्या बापाच्या हातात दाखला ठेवायचा, तर आपल्याही हातात कुणाचा तरी कागद असलेला बरा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी तो लपवलाही नाही. ज्या मुलाचा अहवाल वाईट येईल ते मूल जूनमध्ये या शाळेत नसेल, हे सगळ्यांना माहीत होतं, विशाखालाही.

ती वाकून बाकाखाली बघायला लागली तेव्हा मुलीचे दोन डोळे तेवढे दिसले. विशाखाने तिचा हात धरला आणि तिला बाहेर काढलं. हात चांगला राठ होता, कामाचा.

चित्रकलेच्या खोलीपर्यंत लांब व्हरांडा होता आणि व्हरांड्यात कुणी नव्हतं. मुलगी पाय ओढत चालली होती, ओठ घट्ट मिटून, आणि तिच्या तळहाताला घाम सुटला होता. विशाखाने मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि हळूच खाली वाकून, कुणाची मुलगी म्हणून अहिराणीत विचारलं, "काय व, कोनी अंडेर तू?"

मुलीने मान वर केली.

"लोटन हमालनी," ती म्हणाली.

"नाव काय शे?"

"सुपडी."

"गाव कोनतं तुमनं?"

"पिंपळनेरना पल्याड शे. आते आठेच ऱ्हातस आमी. मार्केटना मांगे."

"घाबरू नको. मी बी भडगावनी शे. खोलीमा मी इचारसू, जे येई ते सांगजो. कोनी मारत नही."

सुपडी हसली नाही, पण पाय ओढायची थांबली. खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत तिने आपणहून विशाखाचं एक बोट धरलं होतं. दारातून आत जाताना विशाखाने ते सोडवून घेतलं.

आत मुमताज आणि परचुरे मॅडम होत्या. मुमताज जामनेरच्या एका कापडदुकानदाराची मुलगी, विशाखाची वर्गमैत्रीण आणि होस्टेलमधली खोलीसोबतीण. तोंडाने फटकळ. ती आत्ता कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती, कारण सकाळीच तिने एक घोळ करून ठेवला होता. खाजा नावाच्या पोराला छापील मराठी प्रश्न समजेना, तेव्हा तिने तो सरळ हिंदीतून सांगितला, आणि पोराने पटकन उत्तर दिलं. परचुरे मॅडमनी तिथल्या तिथे ती सगळी चाचणी रद्द केली. रागावल्या नाहीत, त्या रागावणाऱ्यांतल्या नव्हत्याच. शांतपणे म्हणाल्या, "मुमताज, वाक्य छापलंय तसंच वाचायचं. मान हलवायची नाही, हसायचं नाही, शब्द तर बदलायचाच नाही. एक शब्द बदलला की कसोटी बाटली."

बाटली. मॅडमच्या तोंडी तो शब्द सहज आला. पुण्यात वाढलेल्या, सज्जन, विद्यार्थ्यांना घरी बोलावून जेवू घालणाऱ्या बाई. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण विशाखाच्या घरात तो शब्द पिढ्यानपिढ्या निराळ्या कारणासाठी ऐकलेला होता. तिच्या आजीच्या सावलीने काय काय बाटायचं याची मोठी यादी भडगावच्या जुन्या लोकांना अजून पाठ असेल. विशाखाने तो नियम लिहून घेतला.

तसं बघितलं तर विशाखाचं सगळं आयुष्यच काही ना काही बाटू न देण्यात गेलं होतं. बाप पितांबर बैसाणे, भडगावला तालुक्याच्या कचेरीत शिपाई. दीक्षेनंतर शिकलेली पिढी त्याची. साहेबांचं बोलणं ऐकून ऐकून त्याने शुद्ध मराठी कमावली होती आणि पोरांवर कडक नजर ठेवली होती. "चुलीपाशी काय बोलायचं ते बोला," तो म्हणायचा, "उंबऱ्याबाहेर अहिराणी ऐकू आली तर याद राखा. आडनाव ऐकून लोक एक पाऊल मागे सरतात. तोंड उघडल्यावर दुसरं सरायला नको." पोरीने ते अक्षरशः पाळलं. होस्टेलमध्ये आल्याच्या पहिल्या आठवड्यात मेसच्या रांगेत तिच्या तोंडून "माले भाकर दे" असं निघून गेलं आणि पुढचे कितीतरी दिवस पोरी तिला बघितलं की "माले, माले" करत. पुन्हा तसं झालं नाही. वर्षभरात तिची भाषा अशी घासूनपुसून लख्ख झाली की परचुरे मॅडमनी एकदा वर्गात विचारलं, "विशाखा, तुझे वडील देशावरचे का गं?" विशाखा नुसती हसली. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. त्या हसण्यावर ती आजवर जगत होती.

"बस," विशाखा आता सुपडीला म्हणाली, तिच्या त्या लख्ख आवाजात. सुपडीने चमकून तिच्याकडे बघितलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली. परचुरे मॅडम मुलीच्या पाठीमागे, भिंतीशी बसल्या, मुलीला बुजायला होऊ नये म्हणून. विशाखाने बुद्धिमापन कसोटीची पेटी उघडली, पुस्तिका काढली.

"मी आता तुला काही प्रश्न विचारणार आहे. प्रत्येक प्रश्न लक्षपूर्वक ऐक आणि तुला योग्य वाटेल ते उत्तर दे."

सुपडी गप्प. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. विशाखा वाचत होती, थांबत होती, रकान्यात शून्य घालत होती. चित्रांच्या वेळी मुलीने बोट ठेवून दोन-तीन गोष्टी बरोबर दाखवल्या, तेव्हा विशाखाला आतून बरं वाटलं. पण चेहरा तिने दगडासारखा ठेवला. तसाच ठेवायचा असतो.

मग तो प्रश्न आला. "बाजारात तुझ्याबरोबर असलेला लहान भाऊ दिसेनासा झाला, तर तू काय करशील?"

सुपडीने खाली बघितलं. भाऊ, बाजार, एवढे शब्द तिला कळले असणार. मग व्हरांड्यातलं सगळं आठवून की काय कोण जाणे, तिने मान थोडी वर केली आणि विशाखाकडे बघत, अगदी हळू, भरभर, घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. "तठेच उभी ऱ्हासू. हाका मारसू. नही उना ते दुकानवालाले सांगसू, मना भाऊ इतलासा शे, लाल सदरा शे म्हनीसन. मंग मायले बलावाले जासू."

पुस्तिकेच्या मागे नमुना उत्तरं छापलेली होती. त्यातलं एकही हिच्या उत्तराच्या जवळपास जाणारं नव्हतं, इतकं हे चांगलं होतं. जागेवर थांबायचं, हाक मारायची, खूण सांगून मोठ्या माणसाची मदत घ्यायची आणि मग घरी कळवायचं. विशाखाला स्वतःला लहानपणी हे सुचलं नसतं.

"काय म्हणाली ती?" पाठीमागून परचुरे मॅडमनी विचारलं. "मला काहीच कळलं नाही. तुला कळलं का गं?"

कोपऱ्यातून मुमताजने मान वर केली.

एवढंच सांगायचं होतं: हो मॅडम, कळलं, ती अहिराणीत बोलतेय. मग मॅडमनी विचारलं असतं, तुला कशी कळते? आणि मग ते माले-माले, ते भडगाव, ते हसणं, सगळंच उलगडत गेलं असतं. माणूस खोटं बोलायचं ठरवून बोलतो असं नाही. पुष्कळदा खोटं आधीच तोंडाशी येऊन बसलेलं असतं, खरं मात्र मागून धापा टाकत येतं.

"नाही मॅडम," विशाखा म्हणाली. "काहीतरी पुटपुटली. असंबद्ध आहे."

सुपडीला असंबद्ध हा शब्द कळणं शक्य नव्हतं. पण ‘नाही’ हा शब्द कळतो. मान हललेली कळते. तिने विशाखाकडे बघितलं. रागाने नाही, रडूही आलं नाही तिला. व्हरांड्यात भेटलेली बाई आणि ही बाई एकच आहे का, हे ती बघत असावी. मग तिने ओठ मिटले. त्यानंतरच्या एकाही प्रश्नाला ती बोलली नाही आणि चित्रावरही तिने बोट ठेवलं नाही. विशाखा शेवटपर्यंत वाचत राहिली, शून्यं घालत राहिली.

संध्याकाळच्या एस.टी.ने तिघी परत निघाल्या. परचुरे मॅडम पुढच्या बाकावर होत्या, मान वळवून म्हणाल्या, "विशाखा, आज फार छान केलंस. किती तटस्थ राहिलीस. मुमताज, हिच्याकडून शीक." विशाखाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शाबासकीने इतकी लाज वाटू शकते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पारोळ्याला गाडी थांबली. मॅडम चहाला उतरल्यावर मुमताज म्हणाली, "सच बोल. तुला खरंच नाही कळलं ती काय बोलली?"

"नाही."

"तू भडगावची ना?"

"शहरातली आहे मी," विशाखा म्हणाली. भडगावला शहर म्हटलेलं ऐकून भडगावचे लोकही हसले असते. मुमताज हसली नाही. जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. ती फटकळ पोरगी गप्प बसली याचीच विशाखाला जास्त भीती वाटली.

अहवाल लिहायला आठवडाभराची मुदत होती. विशाखाने तो शेवटच्या दिवसापर्यंत ओढला. आकडे खोटे नव्हते, शून्याला शून्यच म्हणतात. पण आकड्यांखाली चार ओळी निरीक्षणाच्या लिहायच्या असतात, आणि तिथे तिने लिहिलं: शाब्दिक प्रतिसाद जवळजवळ नाही, एका प्रश्नाला असंबद्ध पुटपुट, बौद्धिक क्षमता बरीच कमी असण्याची शक्यता, सामान्य वर्गात सामावून घेणं अवघड. वाक्यं सफाईदार झाली होती. तिची भाषा आता चांगलीच सफाईदार होती.

परचुरे मॅडमनी अहवाल दोनदा वाचला. पेन उघडून थांबल्या. "विशाखा, हा कागद कशासाठी वापरणार आहेत ते आपल्याला माहीत आहे. तुला काही शंका आहे का? असेल तर आपण पुन्हा जाऊ. घाई नाही."

याहून सरळ दार कुणी कुणाला उघडून देत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. इथे ताकवालीच भांडं मागत होती आणि तरी ही पोरगी हात मागे घेऊन उभी.

"नाही मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी सही केली.

नाताळच्या सुट्टीत ती भडगावला गेली. बाप खुशीत होता, कचेरीतल्या साहेबांना सांगून आला होता की आमची मुलगी आता शाळांची तपासणी करते. आई मंजुळाबाई चुलीशी बसून भाकरी थापत होती. विशाखा धुळ्याची शाळा, पेटी, मॅडमचं कौतुक असं काय काय सांगत राहिली, आणि आई नुसती मान हलवत होती. आई हल्ली तिच्याशी कमीच बोलते हे विशाखाच्या लक्षात आलं होतं, पण विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "आई, तू बोलत का नाहीस माझ्याशी?"

मंजुळाबाईने भाकर उलटली. "तुनं बोलनं कानले भू गोड लागस, पोरी," ती म्हणाली. "पन मंग माले काय बोलानं ते सुचतच नही."

विशाखा ताटावरून उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. तोंडाला ओढणी लावून रडली. रडून कुणाचं काही भलं होत नाही, सुपडीचंही झालं नाही. सुट्टी संपली, ती जळगावला परतली, अभ्यासाला लागली, आणि मॅडमना सांगायचं ती रोज उद्यावर ढकलत राहिली. एकदा तर मॅडमच्या दारापर्यंत गेली आणि आत जाऊन ग्रंथालयाच्या पुस्तकाची मुदत वाढवून मागून आली.

मार्चमध्ये दुसऱ्या फेरीसाठी त्या पुन्हा धुळ्याला आल्या. उन्हं कडक झाली होती. विशाखा सरळ तिसरीच्या वर्गात गेली. शेवटच्या बाकावर दुसरंच पोर बसलं होतं.

"ती ना? गेली ती," गुरुजी म्हणाले. "जूनपर्यंतसुद्धा थांबावं लागलं नाही. बापाला बोलावलं, तुमचा कागद वाचून दाखवला. बिचारा सरळ माणूस, तंटा नाही, बखेडा नाही. अंगठा देऊन दाखला घेऊन गेला. मोठं काम केलंत तुम्ही. आम्ही मास्तर बोललो की लोक भांडतात, कागद बोलला की गप बसतात."

विशाखा व्हरांड्यात आली. परचुरे मॅडम चित्रकलेच्या खोलीकडे निघाल्या होत्या. तिने त्यांना थांबवलं आणि तिथेच, खांबाला टेकून, सगळं सांगून टाकलं. सुपडी काय म्हणाली होती ते अहिराणीत सांगितलं, मग मराठीत सांगितलं. मला कळलं होतं, म्हणाली. पुरतं कळलं होतं. माझ्या घरात हीच भाषा बोलतात.

मॅडम ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. "दोन वर्षं माझ्यासमोर बसतेस," त्या म्हणाल्या, "आणि मला हे माहीत नाही. असं काय केलं गं मी, की तुला सांगावंसं वाटलं नाही?" विशाखा शिव्या खायला तयार होऊन आली होती. हे तिला सोसवेना.

मुख्याध्यापकांकडे मॅडम स्वतः गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, नवा अहवाल द्या, तुमची सही असू द्या, जूनमध्ये मुलीला परत घेतो. पण मुलीने काय उत्तरं दिली ते कागदावर दिसलं पाहिजे, नुसत्या तुमच्या पश्चात्तापावर माझी शाळा चालत नाही. बोलणं कडू होतं, पण चुकीचं नव्हतं. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी कसोटीची पेटी विशाखाच्या हातात दिली.

"जा. एकटीच जा. तिच्या भाषेत विचार, हवं तसं विचार. ती जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून आण. मी सही करते."

"मॅडम, कसोटी..."

"बाटली तर बाटू दे," परचुरे मॅडम म्हणाल्या.

मार्केटच्या मागची वस्ती शोधायला वेळ लागला नाही. लोटन हमालाचं घर विचारल्यावर बायकांनी पेटीकडे बघून लगेच दाखवलं. पत्र्याच्या सावलीत सुपडीची आई कमलबाई भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती, शेंगा फोडून देण्याचं काम घरी आणलेलं. सुपडी शेजारी होती. तिची बोटं अशी चालत होती की बघत राहावं. शेंग फुटायची, दाणे सुपात, टरफल मागे. धाकटा भाऊ टरफलांत खेळत होता आणि ती मध्येच, मान न वळवता, त्याच्या तोंडात घातलेलं टरफल काढून टाकत होती. विशाखाला बघून तिची बोटं थांबली.

"मी जळगावहून आले," विशाखाने सांगितलं.

कमलबाई लगबगीने उठली. पदराने जागा झाडली, गोणपाट अंथरलं. "या बाई, बठा. तुमीच का त्या, कागद देणाऱ्या?" तिने मराठी बोलायचा प्रयत्न केला आणि पुढे तिची बोली आपल्या वाटेला लागली. "बेस व्हयनं बाई, तुमी लिखं ते. आमले काय म्हाईत, पोरना डोकामा कमी शे म्हनीसन? मी भू मारं तिले, शायमा बोलत नही म्हनीसन. तिना बापनी बी मारं. आते कोनी मारत नही." आणि तिने शेजारणीला हाक मारली, "वं भागाबाई, जराशी साखर दे व, बाई उन्यात जळगावन्या."

विशाखाला वाटलं होतं, बाई भांडेल. दारातून हाकलेल. हाकललं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती गोणपाटावर बसली आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, परक्या माणसासमोर, उन्हात, उघड्यावर अहिराणीत बोलली. "आक्का, तिनामा काहीच कमी नही शे. तिनी उत्तर दिन्हं व्हतं. माले समजनं व्हतं. मीच मॅडमले सांगं नही. चूक मनी शे."

कमलबाईचा हात चुलीवर ठेवलेल्या चहाच्या भांड्यावर तसाच राहिला. "तुमी आमनी बोली बोलतस?" तिने विचारलं. बाकीचं तिने ऐकलं होतं की नाही कळेना. मग ती समजूत घालावी तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी शिकेल शेतस. तुमी कसाले चुकीचं लिखशात?"

"नही आक्का, चुकनू मी. तिले परत शायमा लेतीन. पन तिनी आते बोलाले पाहिजे. माले तिले थोडंसं इचारू द्या."

"इचारा ना. सुपडी, ऊठ व. बाई काय इचारतस ते सांग."

सुपडी उठली. फ्रॉकवरची टरफलं तिने झटकली आणि विशाखासमोर येऊन उभी राहिली, वर्गात उभं राहतात तशी, हात मागे बांधून. विशाखाने पेटी उघडली. चित्रं काढली, पुस्तिका काढली. मग पुस्तिका बाजूला ठेवली.

"बठ ना व. आठे बठ, मनाजोडे."

सुपडी बसली नाही.

"हाई चित्रमा काय शे, सांग बरं?"

सुपडीने चित्राकडे बघितलं नाही. ती विशाखाच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती. ओठ उघडले आणि एकेक शब्द जागच्या जागी ठेवत ती म्हणाली, "मला कळत नाही, बाई."

विशाखा सरकून पुढे झाली. "बाजारमा भाऊ दिखना नही ते काय करशी? तू त्या दिनले सांगं व्हतं ना? भू चांगलं सांगं व्हतं. परत सांग."

"मला कळत नाही, बाई."

"तुना भाऊनं नाव काय शे?"

"मला कळत नाही, बाई."

धाकटा पायाशी येऊन तिचा फ्रॉक ओढत होता. सुपडीने त्याला एका हाताने उचलून कडेवर घेतलं आणि पुन्हा नीट उभी राहिली, मोकळा राहिलेला हात पाठीमागे. तिच्या आवाजात ना राग होता ना भीती. शाळेने तिला जे शिकवलं ते ती नीट म्हणून दाखवत होती. हातातली चित्रं विशाखाने गोणपाटावर ठेवली आणि विचारायचं म्हणून नाही, नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "जेवनी का व तू?"

"मला कळत नाही, बाई," सुपडी म्हणाली.

चुलीपाशी कमलबाई हातात कप घेऊन वळली होती. तिचा चेहरा उजळला होता. "दखं का बाई," ती म्हणाली, "कशी सुद्ध बोलनी मनी पोर. घरमा कधी आशी बोलनी नही. शायमा गयी ते काही वाया नही गयं." तेवढ्यात भागाबाई साखरेची पुडी घेऊन आली, तिलाही तिने ओढून पुढे घेतलं. "आयक भागाबाई, तुमनासारखी आमनासारखी नही बोलस ती. सुपडी, परत म्हन व. काकूले ऐकू दे."

सुपडीने भावाला कडेवर सावरलं आणि पुन्हा म्हटलं. तसंच, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता.

भागाबाईने दोन्ही हातांनी तिच्या चेहऱ्यावरून लांबूनच ओवाळलं आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.